दुपारचा पहारा

त्र्याहत्तर सालच्या माघात मला सहावा महिना सरत आला होता, आणि अख्ख्या नगर शहरात ते एकट्या मला ठाऊक होतं. आमचे हे, म्हणजे जालिंदर, राहुरीला शेतकीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्यांना मी पत्रानं कळवलं, तेव्हा उलटटपाली कार्ड आलं. उघड्या कार्डावर माणूस काय लिहिणार? ‘प्रकृतीला जप. परीक्षेपर्यंत कुणाशी बोलू नकोस. मी बघतो.’ काय बघणार होते? मेसचं बिल भागवताना त्यांचेच हाल चालले होते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि माझं शिक्षण चाललं होतं माईंच्या निधीवर.

माई म्हणजे गोजरबाई. तोफखान्याअलीकडच्या एका बोळात विठोबाचं लहानसं देऊळ होतं. तिथलं कीर्तन मंडळ त्यांनी नवऱ्याच्या माघारी उभं केलेलं. दर एकादशीला कीर्तन व्हायचं, शेवटी आरतीचं ताट फिरायचं, आणि ताटात पडेल त्यातून खेड्यापाड्यांतून आलेल्या पाच विद्यार्थ्यांना दरमहा पस्तीस रुपये मिळायचे. माझ्या खोलीचं भाडं, जेवण, वह्या, सगळं त्यात. अटी दोनच. शिकत राहायचं, आणि माघातल्या सप्ताहात वीणेचा एक पहारा द्यायचा.

सप्ताहाचे सात दिवस आमच्या देवळात नाम थांबत नसे. एकानं वीणा गळ्यात घालून देवापुढं उभं राहायचं, राम कृष्ण हरी म्हणायचं, आणि दोन तासांनी ती दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. सात दिवस वीणा भुईला टेकायची नाही, की देवळाचा उंबरा ओलांडायची नाही. आणि वीणा गळ्यात आहे तोवर नामाशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. पाणी हवं असलं तरी खुणेनं मागायचं. अकरा वर्षं हा नेम मोडला नव्हता. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंतचे तीन पहारे बायकांचे असत.

पहारा मला काही जड वाटायचा नाही. लहानपणी मिरजगावला वडिलांच्या मांडीवर बसून मी इतकी कीर्तनं ऐकली होती, की बुवांनी पहिला टाळ वाजवला की माझं अंग हलकं व्हायचं. त्या वर्षी मात्र टाळ वाजला की मी आधी पदर सावरायचे.

कारण विजयमाला.

माझ्याआधी दोन वर्षं ही मुलगी निधीवर शिकत होती. तिला दिवस गेले आणि तिचं नाव कापलं गेलं. मला हे सांगितलं रतनबाईंनी. मी त्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते, आणि त्या माईंच्या मंडळातल्याच.

“कुणी कापलं?” मी विचारलं होतं.

“माईनंच की. दुसरं कोन कापनार? म्हनली, निधी शिकनारांचा हाय, बाळंतिनींचा न्हाई.” रतनबाई भाकरी थापत होत्या. “तू का विचारतीस गं?”

“सहज.”

त्या दिवसापासून मी लुगड्याची जुनी पट्टी पोटावर आवळून बांधू लागले. वरून पदर दोन्ही खांद्यांवरून. कॉलेजातल्या मुली म्हणायच्या, “भागिरथीबाई, कीर्तनकार होणार वाटतं आता.” मी हसायचे.

माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून नाव कापलं गेलं असतं तर मला शेवगावकडं सासरी जाणं भाग होतं. तिकडं दोन वर्षं पाऊस नव्हता. घरातली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. माझ्या मोठ्या जावेनं आठव्या महिन्यापर्यंत खडी फोडली. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा तिचं लेकरू फडक्यात गुंडाळून सासऱ्यांनी हातात धरलं होतं. रडलंच नव्हतं ते. ते फडकं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पुस्तक उघडलं तरी तेच.

माझा पहारा पाचव्या दिवशी, दुपारी बारा ते दोन. एक पळवाट होती. ‘मी बाजूला बसलेय’ एवढं म्हटलं असतं, तर चार दिवस वीणेला हात लावायला कुणी सांगितलं नसतं. ओठांवर आलंही होतं. पण विठोबाच्या नावानं ते खोटं माझ्यानं बोलवेना. माणसांपासून मी लपवत होते तेवढं पुरे होतं. शिवाय मनात म्हटलं, दोन तासांचं तर काम आहे, ज्याचं नाव घ्यायचं तोच उभं करील. सकाळी अर्धी भाकरी खाल्ली, पट्टी आणखी एक वेढा घट्ट केली आणि निघाले.

वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. आधीच्या पहाऱ्याची बाई माझ्या पाया पडली. मी कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं केलं, कंबर धरली आहे अशा खुणेनं, आणि अर्धवट वाकले. तिनं वीणा माझ्या गळ्यात घातली अन् म्हणाली, “एवढ्या वयात कंबर? आमच्या वेळी न्हवतं बाई असलं.” आणि जेवायला घरी गेली.

देऊळ रिकामं झालं. दुपारी सगळी मंडळी घरोघर जात, चार वाजता परत येत. भिंतीवरचं घड्याळ, समोर देव, आणि मी. राम कृष्ण हरी. एक वाजेपर्यंत काही झालं नाही. उलट बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच डोक्यात काही नव्हतं.

सव्वा वाजता पोट एकदम दगडासारखं झालं.

थोड्या वेळानं सुटलं. मी मनात म्हटलं, पट्टी रुतली असेल. मग दुसऱ्यांदा. या वेळी कमरेतून कळ आली आणि थेट मांड्यांपर्यंत गेली. वीणेच्या तारेवरचं माझं बोट थांबलं. मी पुन्हा तार छेडली. राम कृष्ण हरी. लेकरू सकाळपासून हललं होतं का? आठवेना. मी आठवायचा प्रयत्न करत होते आणि तोंडानं नाम चालूच होतं, दुसऱ्याच कुणाचं तोंड असावं तसं.

दारावरून एक बाई पाण्याची कळशी घेऊन गेली. तिनं देवाला हात जोडले, माझ्याकडं पाहून हसली आणि गेली. हाक मारली असती तर ती धावत आली असती. पण हाक कशी मारणार? गळ्यात वीणा. एक गृहस्थ आले, घंटा वाजवली, प्रदक्षिणा घातली. मी त्यांच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं. त्यांना वाटलं मी तल्लीन झाले आहे. माझ्या पायांना हात लावून ते निघून गेले.

वीणा खाली ठेवावी? किती सोपं होतं. समोर चौरंग होता, दोन पावलांवर. पण चौरंगाकडं पाहिलं की मला ते फडकं दिसे. अकरा वर्षांचा नेम मी मोडला, आणि त्याच दुपारी लेकरू गेलं, तर जन्मभर मी दोहोंची गाठ घालत बसले असते. ठेवली नाही, तर उभ्या उभ्या जाईल. मी देवाकडं पाहिलं. तो आपला कमरेवर हात ठेवून उभा. माझ्यासारखाच, आणि बोलत नव्हता.

दोन वाजले. पुढचा पहारा रतनबाईंचा. त्या आल्या नाहीत. मागाहून कळलं, रेशनच्या दुकानात मिलो आला होता, तांबडी ज्वारी, आणि त्या रांगेत अडकल्या होत्या. त्या साली मिलोची रांग सोडून कुणी देवाकडंही येत नसे.

सव्वादोन. पायांवरून काहीतरी ओघळल्यासारखं झालं. घाम असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खाली बघायची छाती झाली नाही.

मग मला सुचलं. दुसरा शब्द काढायचा नाही. पण नाम केवढ्यानं घ्यायचं, याचा काही नेम नव्हता.

“राम कृष्ण हरी!” मी ओरडले. “राम कृष्ण हरी! राम कृष्ण हरी!”

समोरच्याच घरात माई दुपारच्या पडत. तिसऱ्या-चौथ्या हाकेला त्यांचं दार वाजलं. पायांत चप्पल न घालता त्या बोळ ओलांडून आल्या, आणि उंबऱ्यातच सुरू झाल्या.

“काय गं ए! वरडतीस काय? देव काय बहिरा हाय? म्हातारं मानूस घडीभर आडवं...”

एवढं बोलून त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडं पाहिलं. पुढं आल्या, माझ्या गळ्यातली वीणा काढून आपल्या गळ्यात घातली, आणि नाम सुरू केलं. मग नेमाप्रमाणं माझ्या पायांशी वाकल्या. आता मी वाकायचं होतं. मी वाकायला गेले आणि तशीच खाली बसले. पदर सुटला. पोट लपवायला हातही उचलेना.

माईंनी पाहिलं. आवळलेली पट्टी पाहिली. लुगड्यावर रुपयाएवढा लाल डाग पडला होता, तोही पाहिला.

“राम कृष्ण हरी,” त्या म्हणाल्या.

आता त्यांच्या गळ्यात वीणा होती. विचारू शकत नव्हत्या, रागावू शकत नव्हत्या, धीर देऊ शकत नव्हत्या. त्यांचे डोळे माझ्यावर खिळले होते आणि त्यांत काय आहे ते मला कळत नव्हतं. म्हणून मीच बोलत सुटले. “माई, सहावा संपतोय. माई, मी लपवलं. परीक्षेपर्यंत थांबणार होते, मग सांगणारच होते. नाव कापू नका माई. शेवगावला नका पाठवू. तिथं जावेचं...”

माईंनी चौरंगाकडं पाहिलं. देवाकडं पाहिलं. मला वाटलं, ठेवतात आता. पण त्यांनी वीणा छातीशी धरली, डाव्या हातानं माझं बखोट पकडलं, मला उभं केलं, आणि नाम घेत घेत देवळाबाहेर पडल्या.

सप्ताहातली वीणा उंबऱ्याबाहेर! मी मागं ओढू लागले. सत्तरीच्या त्या बाईच्या हातात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे.

बोळाच्या तोंडाशी चांदभाईंचा टांगा उभा असे. चांदभाई घोड्यापुढं कडबा टाकत होते. ते ताडकन उठले.

“माई, सप्ता फिराया निगाला का काय?”

“राम कृष्ण हरी!” माईंनी माझ्याकडं बोट केलं, मग रस्त्याकडं.

“कुठं जायचं ते तरी सांगा.”

“राम कृष्ण हरी! राम कृष्ण हरी!”

“दवाखान्यात,” मी म्हटलं. “बायकांच्या.”

चांदभाईंनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि कडबा तिथंच टाकला.

तो रस्ता मी विसरणार नाही. टांगा उडायचा, प्रत्येक खड्ड्याला मी पोटाला दोन्ही हात लावायचे, आणि माई वीणा वाजवत मोठ्यानं नाम घ्यायच्या. लोक दुकानांतून उठून हात जोडत होते. एकजण टांगा थांबवून माईंच्या कपाळाला बुक्का लावायला पुढं झाला. चांदभाई त्याच्यावर चाबूक उगारून ओरडले, “अहो बाजूला व्हा! तुमचा देव घाईत हाय!” मला हसूही आलं असेल. आठवते ती भीतीच. माई माझ्याकडं पाहत नव्हत्या. समोर घोड्याच्या पाठीवर नजर, आणि जबडा घट्ट. मी मनात म्हटलं, गेलं. निधी गेला, बी.ए. गेली. आता लेकरू तेवढं राहू दे. मग लगेच वाटलं, लेकरू राहिलं तर त्याला घेऊन खडीवर जायचं का?

दवाखान्यात नर्सनं माईंना दारातच अडवलं. “आजी, वाद्य बाहेर ठेवा.”

माईंनी मान हलवली. राम कृष्ण हरी.

“अहो, इथं बायका आजारी आहेत.”

राम कृष्ण हरी. व्हरांड्यात बाकावर बसलेल्या एका म्हातारीनं टाळी धरली. मग दुसरीनं. नर्सनं कपाळाला हात लावला आणि मला एकटीला आत घेतलं.

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. तिचे वळ बोटानं दाबून पाहिले. मग म्हणाल्या, “हे काय केलंस? शिकलेली ना तू?” पोटाला लाकडी नळी लावून त्यांनी कान टेकवला. सरकवली. पुन्हा टेकवला. मी त्यांच्या कानाकडं पाहत होते. बाहेर माईंचं नाम चाललं होतं, आणि मला वाटत होतं ते थोडं थांबावं, म्हणजे यांना ऐकू येईल. आणि ते थांबू नये असंही वाटत होतं. नळी तिसऱ्यांदा सरकली.

“आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ठोके आहेत. चांगले आहेत.”

मी रडले नाही. मला पुन्हा पुन्हा तेच विचारावंसं वाटत होतं. त्यांनी सुई दिली, पायांखाली विटा घालून खाट उंच केली, आणि बजावलं, आठ दिवस उठायचं नाही. पुढंही जपायचं. उपाशी राहायचं नाही, उभं राहायचं नाही, पोट बांधायचं तर नावच काढायचं नाही.

मला दाराजवळच्या खाटेवर निजवलं तोच व्हरांड्यात गलका झाला. काकासाहेब आले होते, मंडळाचे चिटणीस, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्यामागं रतनबाई, काखेत मिलोची पिशवी तशीच.

“माई!” काकासाहेब धापा टाकत म्हणाले. “वीणा देवळाबाहेर? अकरा वर्षं! मी देवळात येतो तर चिटपाखरू नाही! सगळ्या बाजारात बोभाटा झालाय!”

माईंनी गळ्यातून वीणा काढली. काकासाहेबांना नाही म्हणायलाही वेळ मिळाला नाही. वीणा त्यांच्या गळ्यात पडली, माई त्यांच्या पायांशी वाकल्या, आणि काकासाहेबांना नाम सुरू करणं भाग पडलं. ते बिचारे माईंच्या पाया पडले आणि तिथंच उभे राहिले, तोंडानं राम कृष्ण हरी, डोळे रागानं लाल.

माई माझ्या खाटेशी आल्या.

“सकाळधरनं काय खाल्लंस?”

“अर्धी भाकरी.”

“अर्धी.” त्यांनी रतनबाईंकडं पाहिलं. “तुझ्या घरात ऱ्हाती ना ही? तुला दिसंना? चार लेकरं झाली ना गं तुला?”

“माई, पदर दोन्हीकडनं...” रतनबाई रडू लागल्या. “मी मिलोला गेल्ते. मला काय म्हाईत!”

“रडू नगं. दूध बघ कुठं मिळतंय का.”

मग त्या माझ्या उशाशी टेकल्या. मी डोळे मिटून विचारलं, “माई, माझं नाव?”

दारात काकासाहेबांची वीणा वाजत होती.

“विजयमालाचं नाव मी कापलं,” माई म्हणाल्या. “तुला सांगितलं असंल कुनीतरी. खरं हाय ते. दारात उभी हुती, मी वर बघितलं न्हाई. पुढं तिचं काय झालं, पोर झालं का, जगलं का, ते बी विचारलं न्हाई. आज टांग्यात तेच डोक्यात हुतं. तोंडानं नाव देवाचं, अन् डोक्यात ती पोरगी. असलं नाम त्याला पोचतंय का, त्यालाच ठावं.” त्यांनी माझा पदर सारखा केला. “मला भ्या वाटलं गं. लई भ्या वाटलं. माझ्या वीणेखाली तुझं लेकरू गेलं असतं, म्हंजी?”

त्या काकासाहेबांकडं वळल्या.

“हिचं नाव ऱ्हानार. बाळंतपनापत्तुर अन् त्याच्या म्होरं बी, निकाल लागस्तोवर. शिकनारीला लेकरू झालं, तर ती शिकनारीच ऱ्हाती. तुमाला काय म्हनायचं असंल तर म्हना.”

काकासाहेबांचे ओठ थरथरले. “राम! कृष्ण! हरी!” ते म्हणाले, आणि पाय आपटत चांदभाईंच्या टांग्याकडं गेले. वीणा परत देवळात न्यायची होती.

माझी भीती काही लगेच गेली नाही. माई बोलल्या ते बोलल्या. पण वह्या-कागद काकासाहेबांकडं. देवळात गेल्यावर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली, की त्यांचं तोंड मोकळं होणार होतं. चार सभासद गोळा करून त्यांनी ठरवलं असतं तर? मी दाराकडं डोळे लावून पडले. रतनबाईंनी कुठून तरी पेलाभर दूध आणलं, ते प्यायले. पोट पुन्हा एकदा आवळलं, आणि सुटलं. मग आतून, डाव्या बाजूला, बारीकसा धक्का बसला. मी हात तिथंच ठेवून दिला.

दिवेलागणीला काकासाहेब आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

“वीणा बाहेर नेली हे मला पसंत नाही,” ते म्हणाले. “माईंच्या तोंडावर सांगतोय. कीर्तनाला येणारे शास्त्रीबुवा काय म्हणतात ते बघायचं. तो वेगळा विषय.”

“हो,” मी म्हटलं.

“नावाचं माई म्हणाल्या तसंच राहील. पण एक अट आहे.”

मी उशीवरून मान उचलली.

“परीक्षेला बसायचं. पोटाचं निमित्त सांगून घरी बसलीस, तर गाठ माझ्याशी आहे. ज्या लोकांनी ताटात पैसे टाकलेत, त्यांना मी तोंड दाखवायचंय. पेपर कधी?”

“तीस मार्चला पहिला.”

त्यांनी बोटं मोजली. “अडतीस दिवस. तयारी कुठवर आलीय?”

मी माईंकडं पाहिलं. माई दुसरीकडं पाहू लागल्या. दोन महिने मी पुस्तक उघडून बसत होते, पण अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

“अर्थशास्त्र राहिलंय.”

“किती राहिलंय?”

“सगळंच.”

काकासाहेबांनी स्टूल ओढलं आणि मटकन बसले. “सगळं म्हणजे सगळं?”

“व्हय,” माझ्याऐवजी माईच म्हणाल्या. “सगळं म्हंजी सगळं. रतन, उठ, हिची पुस्तकं आन जा.”

“मला कुठं कळतंय त्यातलं कोनतं ते,” रतनबाई म्हणाल्या.

“हिरव्या पुठ्ठ्याचं,” मी सांगितलं. “फळीवर खालून दुसरं. सगळ्यांत जाड आहे ते.”